दावं

मॅन्डेटला आमच्या शिल्लुक भाषेत शब्द नाही.
पहिल्याच दिवशी मेजरसाहेबांनी कागद पुढे सरकवला,
म्हणाले, सांग यांना.
समोर चाळीस म्हातारे,
ढोपरापर्यंत काळ्या चिखलाने लडबडलेले.
मी म्हणालो : दावं.
गुराच्या गळ्यातलं. खुंटा न्यूयॉर्कला ठोकलाय.
दावं पोहोचेल तेवढ्यात हे फिरतील,
तेवढ्यातच शिंगं उगारतील.

म्हातारे समजले. जन्मभर गुरं राखलेली माणसं.
अजाकने एवढंच विचारलं :
किती हात लांब?
मी ते इंग्रजीत केलं नाही.

अजाक जग पाहिलेला.
पोरवयात पोर्ट सईदच्या धक्क्यावर हमाली केली,
तिथे त्याने निळ्या टोप्यांची पहिली माणसं पाहिली,
दोन सैन्यांच्या मधे, वाळूत, पत्ते पिसत बसलेली.
“पाव्हणे होते. यजमानाने बोलावलं, आले.
दहाएक वर्षांनी तो म्हणाला, निघा. निघाले.
मग लढाई तिथेच, त्याच वाळूत.”
आणि थुंकायचा. रागाने नव्हे, तंबाखू असायची.

डिसेंबरात गाव पेटलं.
फाटकावर सार्जंट कायितारे, रवांडाचा.
बाहेर माणसांचा नाईल :
डोक्यावर गाद्या, काखेत कोंबड्या,
एकाच्या खांद्यावर शिवणयंत्र, दोरा अजून ओवलेला.
वायरलेसवर दावं ताणत होतं :
थांबा. विचारतो. थांबा. विचारतो.
कायितारे मला म्हणाला, काय म्हणतायत ही माणसं?
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात तो म्हणाला, राहू दे.

आठ वर्षांचा होता तो,
कुठल्याशा शाळेच्या आवारात, आईचं बोट धरून,
आणि निळ्या टोप्यांचे ट्रक एकामागून एक बाहेर पडत होते.
शेवटच्या ट्रकमागे आई पळाली. एक चप्पल रस्त्यातच राहिली.
हे मला कळलं मार्चात, त्याला मलेरिया झाला तेव्हा, तापातल्या बडबडीतून.
त्या रात्री त्याने फक्त कडी काढली.

अहवालात आहे : फाटक उघडण्यात आले.
व्याकरणाने कर्ता गिळला.
त्याची नोकरी तेवढ्याने वाचली असावी.

मग वर्षं. ताडपत्री, गटार, रांगा, बाळंतपणं.
दोन पोरांची नावं त्यांच्या आयांनी मोहिमेवरून ठेवली.
ज्वारी विमानातून यायची,
पण चूल कुंपणाच्या आत आणि सरपण बाहेर.
पुरुष गेला तर मारतात.
बाई गेली तर परत येते.
तंबूतंबूत हा हिशेब रात्री हळू आवाजात व्हायचा
आणि सकाळी बाई निघायची.

न्याचान गेली.
टेहळणीच्या मनोऱ्यापासून चारशे पावलं.
मनोऱ्यात दुर्बीण होती. दुर्बिणीत न्याचान होती.
संध्याकाळी आली ती मोळी घेऊनच आली.
मेजरसाहेब म्हणाले, तिला समजाव,
तिथवर आमचा अधिकार चालत नाही.
मी समजावलं. तोच शब्द वापरला.
ती म्हणाली,
“दावं यांच्या गळ्यात, मग वळ माझ्या मानेवर कसे?”

हे मात्र मी इंग्रजीत केलं.
मेजरसाहेबांनी लिहून घेतलं.
पेन चालेना, झटकलं,
पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी
चार शिपाई सरपणाच्या वाटेवर बायकांसोबत जाऊ लागले.
त्या दोन दिवशी बायका मोठ्याने बोलत जायच्या,
एकदा तर हसताना ऐकू आल्या.

अजाक आतच गेला. म्हातारपणाने, झोपेत.
त्या साली आमच्यात असं मरण म्हणजे श्रीमंती.

परवा एक बाई आली, जाड फॉर्म घेऊन.
मोहीम यशस्वी, अंशतः यशस्वी, अयशस्वी.
एका चौकोनात खूण करा.
मी तिला विचारलं,
वार कुठला धरू?